पाठ

कौलांच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं
मी मोजत आलो:
भट्टीत गेली किती, तडकली किती,
लोंढ्याकडच्या मालगाडीत चढली किती.
निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी हातात घड्याळ दिलं,
म्हणाले, शांतवन, आता तू मोकळा.

मोकळा म्हणजे काय
ते एस्तेर गेल्यावर कळलं.
मोकळी खुंटी. मोकळा डबा.
खानापूरच्या पुलावर मोकळी संध्याकाळ,
खाली मलप्रभेला जायला जागा आहे,
मला नाही.

म्हणून निंगव्वाकडे जाऊ लागलो.
भिंतीला भिंत लागून घर.
अर्धं अंग गेलेलं, मुलगा हुबळीला,
सून सकाळीच शाळेतल्या पोरांचा भात शिजवायला.
दर दोन तासांनी कूस बदला, नर्सबाई सांगून गेलेली,
नाहीतर पाठ सडेल.
बाटलीवरचं कन्नड मी अक्षर लावत वाचायचो,
ती माझ्या उच्चारांना अर्ध्या तोंडानं हसायची.
मला शांतप्पा म्हणायची.

एका रविवारी पाळक बोलले
कबरीतून चालत आलेल्या त्या माणसाबद्दल.
जिवंत झाला, पण हातपाय गुंडाळलेलेच.
उठवणारा एक,
पट्ट्या सोडायचं काम मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना.
मी बाकावर ताठ बसलो.
माझंच वर्णन चाललं होतं.

घरी येऊन जुन्या वहीत लिहिलं:
निंगव्वा, दिवस एकशेबारा.
खोबरेल, एक वाटी.
जखम, नाही.

पुढचं सांगायला बरं वाटत नाही.
माघातली दुपार. पाठ पुसता पुसता
मी स्तोत्र गुणगुणत होतो, जरा मोठ्यानंच.
ती म्हणाली, साकु.
मला वाटलं, पाणी गार असेल.
साकु, शांतप्पा.
मग मराठीत,
जी माझ्या कन्नडाइतकीच लंगडी:
तू पाठ पुसतोस का पाटी?
तुझ्या देवाला काय दाखवायचं ते घरी लिही.
माझ्यावर नको.

फडकं पिळलं. दार ओढून घेतलं.
चार दिवस गेलो नाही.
रात्री भिंतीपलीकडून सुनेच्या बांगड्या वाजायच्या,
दोन तासांनी, पुन्हा दोन तासांनी.
दिवसा काही नाही.

पाचव्या दिवशी वही चुलीत घातली असती
तर गोष्ट बरी झाली असती.
वही आहे अजून, फळीवर, एस्तेरच्या बायबलाखाली.
एकशेअठ्ठेचाळीसच्या पुढं कोरी, एवढंच.

दारात उभा राहिलो.
ना वाटी, ना फडकं, ना तोंडात स्तोत्र.
येऊ का, विचारलं.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं.
तिनं खूप वेळ पाहिलं.
कुंद्रु, म्हणाली. बस.

बसलो.
खिडकीतून कुंभारांच्या आव्याचा धूर,
थांब्यावरची पाटी, अर्धी कन्नड,
अर्ध्यावर कुणीतरी डांबर फासलेलं.
ती मुलाबद्दल बोलली, मी एस्तेरबद्दल,
आपापल्या भाषेत.
तिला कुठलं कळलं, मला कुठलं,
कोण जाणे.
मग तिनं चालता हात माझ्या खांद्यावर टाकला.
हं, फिरव.

फिरवली.
डाव्या खांद्याखाली लाल डाग, रुपयाएवढा.
माझ्या चार दिवसांचा.
तेल लावलं. तिनं हुंकार दिला,
तो दुखल्याचा की बरं वाटल्याचा
मी विचारलं नाही.
किती वाजले तेही पाहिलं नाही.

पाळकांना एक विचारायचं राहून गेलंय:
पट्ट्या सोडताना
त्या शेजाऱ्यांचे हात कापले असतील का?
आणि तो माणूस आपल्या पायांनी घरी गेल्यावर
ते कापड
कुणी धुतलं?